आभासी मुलूख आणि त्याचा मालक

लक्षावधी माणसे एकाच वेळी ज्यांत वावरतात अशा संगणकीय काल्पनिक जगांच्या खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुधा पालकांच्या काळजीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पोरगा रात्रभर जागतो, अभ्यास बुडतो, बापाच्या खात्यातून पैसे जातात. ही काळजी खोटी नव्हे. परंतु २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी मोबाईल’वर बंदी घातली तेव्हा कारण दिले गेले ते देशाच्या सुरक्षिततेचे. त्याच खेळाची भारतीय आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडविली गेली आणि मे २०२३ मध्ये परत सुरू झाली. या येरझारांत खेळाच्या पोटात जी अर्थव्यवस्था नांदते तिच्याकडे पाहण्याची कोणास गरज वाटली नाही. वास्तविक समाजवादी चळवळीने प्रथम तिकडेच पाहावयास हवे होते. कारण या जगांत जमीन आहे, कर आहे, खंड आहे आणि राबणारी माणसे आहेत.

बर्लिनच्या एका कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेला ‘अल्बियन ऑनलाईन’ हा खेळ उदाहरणादाखल घ्यावा. २०२१ पासून तो साध्या मोबाईलवर खेळता येतो, म्हणजे कराड-तासगावच्या पोरालाही तो दूरचा नाही. त्याचा नकाशा रंगांनी वाटलेला आहे. निळ्या टापूत एका खेळाडूने दुसऱ्यावर हत्यार उगारता येत नाही. पिवळ्यात उगारता येते, पण पडलेल्याचे सामान त्याच्यापाशीच राहते. तांबड्या टापूत मारणारा पडलेल्याचे सगळे लुबाडून नेऊ शकतो, मात्र त्याच्या लौकिकाला बट्टा लागतो. काळ्या टापूत तोही लागत नाही. खेळाडू ज्यांना ‘पीव्हीपी झोन’ म्हणतात ते हेच, माणसाने माणसाला लुटण्याची परवानगी असलेले टापू. काळ्या मुलखात संघटित टोळ्यांचे, म्हणजे ‘गिल्डां’चे, ताबे असतात. शहरांच्या नावाने लढणारे निराळे तटही आहेत, आणि त्यांच्या सरहद्दी लढाईगणिक पुढेमागे सरकतात.

आता यातील मख्खी अशी, की उत्तम खनिज, उत्तम लाकूड, उत्तम कातडे हे तांबड्या-काळ्या मुलखातच भरपूर मिळते. निळ्या टापूत सुखरूप राहणाऱ्याच्या वाट्याला हलका माल येतो. ज्याला वर चढावयाचे आहे त्याला धोक्याच्या रानात उतरावेच लागते. आणि तेथे जी टोळी आधी येऊन बसली आहे तिच्या मर्जीने वागावे लागते. ती टोळी कोणाला आत घेईल, कोणाकडून हिस्सा घेईल, कोणाला हुसकावील, हा तिचा प्रश्न. शहरातले कारखान्याचे भूखंड लिलावाने जातात आणि घेणारा तेथे काम करणाऱ्याकडून वापराचे शुल्क घेतो. बाजारात माल विकताना कर पडतो. परंतु ज्याने कंपनीकडून ‘प्रीमियम’ दर्जा घेतला आहे त्याला तो निम्माच पडतो. ज्याच्यापाशी आहे त्याला सूट आणि ज्याच्यापाशी नाही त्याला पुरा भार, ही करपद्धती आपल्या ओळखीची नाही असे कोण म्हणेल?

रिकार्डोने १८१७ साली खंडाचा सिद्धांत मांडला. सुपीक जमीन थोडी असते, लोकसंख्या वाढते, तेव्हा कमी कसाची जमीन वहिवाटीखाली आणावी लागते, आणि दोहोंच्या उत्पन्नातील फरक सुपीक जमिनीच्या मालकाच्या पदरात खंड म्हणून पडतो. मालकाने त्यासाठी काहीही केलेले नसते. परंतु रिकार्डोची जमीन निदान निसर्गाने मर्यादित केली होती. या खेळांतील जमीन कळ दाबून दुप्पट करता येते, तिला खर्च जवळजवळ नाही, आणि म्हणूनच ती दुप्पट केली जात नाही. येथे तुटवडा हाच मुळी कारखान्यात तयार होणारा माल आहे. तो नसेल तर झुंज नाही, झुंज नसेल तर हत्यारांची झीज नाही, आणि झीज नसेल तर दुकान चालत नाही. खेळाडूंच्या स्वभावात लुटालूट असते म्हणून हे मुलूख बनले, असे समर्थन केले जाते. मनुष्यस्वभावाचा हा दाखला सावकारीच्याही समर्थनार्थ देत असत.

वस्तुतः ही रेषा कोण आखतो आणि केव्हा पुसतो, याचा इतिहास सुमारे तीन दशकांचाच आहे. १९९७ साली निघालेल्या ‘अल्टिमा ऑनलाईन’मध्ये शहराच्या वेशीबाहेर पडले की कोणीही कोणालाही मारू शकत असे. नवे खेळाडू वाटमाऱ्यांना कंटाळून निघून जाऊ लागले. गिऱ्हाईक गळू लागले तेव्हा, २००० साली, कंपनीने त्या जगाच्या दोन प्रती केल्या, एक शांततेची आणि एक मारामारीची. लोकांना न्याय हवा होता म्हणून हे झाले असे मानण्यास आधार नाही. वर्गणीच्या हिशेबाने ते झाले. या जगांतील उत्पन्न केवढे असते याची जाणीव त्याच सुमारास झाली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील नॉरथ नामक भूमीचा हिशेब मांडला, तेव्हा तेथील दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कोठेतरी बसते असे त्याला आढळले. म्हणजे माणसे तेथे खेळत होती हे खरे असले तरी राबतही होती.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना असा रंगीबेरंगी नकाशा नवा नाही. १९४८ पूर्वीचा या भागाचा नकाशा उघडून पाहावा. मधे ब्रिटिश मुलखाचा सातारा जिल्हा, आणि त्यात व भोवती औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले. औंध संस्थानची ७२ गावे, पण ती एका सलग पट्ट्यात नव्हती; औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर आजच्या कर्नाटकात. माणूस सकाळी एका कायद्याच्या हद्दीतून निघे आणि दुपारपर्यंत दुसऱ्या कायद्याच्या हद्दीत जाई. या रेषा रयतेने आखल्या नव्हत्या. परंतु रयतेने त्या वापरल्या. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र जे कुंडल, ते औंधच्या हद्दीत होते. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत मोकाट शिरता येत नसे आणि औंधचे राज्यकर्ते भूमिगतांविषयी सहानुभूती बाळगून होते. साम्राज्याच्या सोयीसाठी ओढलेली रेघ साम्राज्याच्याच वाटेत आडवी आली.

खेळांच्या जगातही एकदा असे बंड झाले, आणि ते मुद्दाम सांगण्याजोगे आहे. दक्षिण कोरियाच्या ‘एनसीसॉफ्ट’ कंपनीच्या ‘लिनिएज २’ या खेळात किल्ला जिंकणाऱ्या टोळीला त्या किल्ल्याखालच्या शहरांतील दुकानांवर कर बसविण्याचा अधिकार असे. या खेळाच्या ‘बार्त्झ’ नावाच्या सर्व्हरवर ‘ड्रॅगन नाईट्स’ या टोळीने किल्ले बळकावले, शिकारीची चांगली राने आपल्या लोकांसाठी राखून ठेवली, आणि कर १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेला. तेव्हा २००४ साली त्या सर्व्हरवरील सामान्य खेळाडू उठले. चिलखत घेण्याची ऐपत नसलेले, खालच्या पायरीवरचे हजारो नवखे खेळाडू जवळजवळ उघड्या अंगाने बलाढ्य योद्ध्यांवर तुटून पडले. त्यांना ‘अंतर्वस्त्रांची फौज’ असे थट्टेचे नाव पडले आणि पुढे त्यांनी ते अभिमानाने मिरविले. एक मेला तर दहा पुढे येत. त्या उन्हाळ्यात अदेनचा किल्ला टोळीच्या हातून गेला. मग जिंकलेल्या गटांतच वाटणीवरून फूट पडली, जुनी टोळी परतली, आणि लढा वर्षानुवर्षे रेंगाळला. कोरियात या प्रकरणाला आजही मुक्तिसंग्राम म्हणतात.

बंड फसले ते फुटीमुळे, असे सांगून हे प्रकरण मिटविता येईल. आपल्या डाव्या चळवळीला फुटीचे कारण फार आवडते. परंतु फूट पडली नसती तरी काय झाले असते? किल्ल्याचा मालक बदलला असता. किल्ल्याला कर बसविण्याचा अधिकार असावा की नसावा, हे ठरविण्याची सत्ता त्या फौजेला कधीच मिळणार नव्हती. कारण तो नियम किल्ल्यात राहत नव्हता, कंपनीच्या यंत्रात राहत होता. प्रतिसरकार आणि बार्त्झचे बंड यांतील अंतर नेमके येथे आहे. साताऱ्याच्या भूमिगतांनी ब्रिटिशांच्या कचेऱ्या नुसत्या बंद पाडल्या नाहीत. त्यांनी गावोगाव न्यायदान मंडळे उभी केली, सावकारांनी गिळलेल्या जमिनींचे तंटे सोडविले, थोडक्या खर्चात ‘गांधी-विवाह’ लावून दिले. नियम करण्याची सत्ता आपल्या हाती आली आहे, हे गावाला त्यातून कळले. औंधला तर १९३९ सालीच राजाने स्वतः राज्यघटना मान्य करून गावपंचायतींपासून विधिसभेपर्यंत कारभार लोकांकडे सोपविला होता. संगणकीय मुलखाच्या एखाद्या धन्याने असे काही केल्याचे उदाहरण शोधावयास गेले तर फार भटकावे लागेल.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला याहून जवळचा अनुभव आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने कारखान्यासाठी क्षेत्र राखून ठेवण्याची तरतूद झाली आणि महाराष्ट्रात १९८४ साली त्यासाठी स्वतंत्र आदेश निघाला. ज्याला शेतकरी झोनबंदी म्हणत ती हीच. ज्याच्या झोनमध्ये शेत, त्या कारखान्यालाच ऊस. पलीकडच्या कारखान्याचा दर चार पैसे चढा असला तरी बैलगाडी तिकडे वळवावयाची नाही. कारखाना जगला पाहिजे, त्याला हमखास ऊस मिळाला पाहिजे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. परंतु रेघेच्या आत कोंडलेल्या उत्पादकाचा भाव रेघ आखणारा ठरवितो, हेही खरेच होते, आणि शेतकरी आंदोलनांच्या रेट्याखाली ती बंदी अखेर उठवावी लागली. तरीही येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याचा किंवा वाळव्याच्या हुतात्मा कारखान्याचा सभासद त्या कारखान्यात मत देतो. निवडणुकीत पॅनेलांची झुंज होते, तीत पैसा आणि भाऊबंदकी किती चालते हे कृष्णाकाठाला सांगावयास नको. पण संचालकांना वार्षिक सभेत उभे करून ताळेबंद विचारता येतो. आभासी मुलखात दहा वर्षे राबलेल्या खेळाडूला वार्षिक सभा नाही. त्याच्यापाशी असलेली तलवार, घर, नाणी ही करारनाम्याप्रमाणे त्याची नसतातच. कंपनीने वापरायला दिलेली असतात. याच ‘एनसीसॉफ्ट’ने नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘सिटी ऑफ हीरोज’ हे आठ वर्षे चाललेले जग बंद केले. खेळाडूंनी विनंत्या केल्या, निदर्शने केली. जग बंद झाले.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचे संवर्धन व नियमन करणारा अधिनियम संसदेने दोन दिवसांत संमत केला. पैसे लावून खेळावयाचे खेळ त्याने बंद केले, आणि कर्जबाजारी झालेल्या कुटुंबांचा विचार करता त्यास विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्यातील एक विसंगती ध्यानात घ्यावी. जुगाराची व्याख्या करताना हा अधिनियम पैशाच्या तोलाची नाणी, टोकने व तत्सम वस्तू यांनाही पणाच्या रकमेत धरतो, म्हणजे त्यांना मोल आहे हे कबूल करतो. परंतु तेच मोल खेळाडूच्या कष्टाने त्याच्या खात्यात साठले असता त्यावर त्याचा काही हक्क आहे काय, कंपनीने एका रात्रीत निळा टापू तांबडा केला तर तिने कोणाला विचारावयास हवे, जग बंद करण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यावी, यांविषयी तो मौन पाळतो. जप्तीपुरती मालमत्ता आणि हक्कापुरती शून्य, असा हा न्याय आहे.

युरोपात या मौनाला आव्हान मिळाले आहे. विकलेले खेळ कंपन्यांनी निरुपयोगी करून टाकू नयेत, यासाठी जुलै २०२४ मध्ये तेथे नागरिकांचा अधिकृत अर्ज सुरू झाला आणि वर्षभरात त्यावर १० लाखांहून अधिक सह्या जमल्या. इतक्या सह्या झाल्या की युरोपीय आयोगाला अशा अर्जाची दखल घेऊन उत्तर द्यावेच लागते. सह्या करणारे बहुसंख्य तरुण होते असे मानण्यास हरकत नाही, आणि त्यांतील अनेकांनी आयुष्यात दुसऱ्या कोणत्या मागणीपत्रावर सही केली नसेल. आपल्या युवक संघटना विटा, कराड, मिरजेच्या महाविद्यालयांत जातात तेव्हा या मुलांना मोबाईल खाली ठेवा असे सांगतात. ती मुले ठेवीत नाहीत आणि सभेलाही येत नाहीत. त्याच मुलांना गिल्डचा हिस्सा कोण घेतो, कर कोणाला निम्मा लागतो, टापूचा रंग कोण बदलतो, हे तोंडपाठ आहे. त्यांच्याशी बोलणे तेथून सुरू करता येईल, आणि नव्या अधिनियमाखालील नियमांत सूचनेची मुदत, खात्यातील मालाचा परतावा आणि नियमबदलापूर्वी खेळाडूंचे म्हणणे ऐकून घेण्याची सक्ती या तरतुदी असाव्यात, असे एक निवेदन त्यांच्याच सह्यांनी केंद्राकडे धाडता येईल.