ग्रंथ आपले की उसने?

राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात उज्जयिनीस महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, याचा आपणां सर्वांस रास्त अभिमान आहे. त्याच नगरीत सिंधिया प्राच्यविद्या प्रतिष्ठानात हजारो हस्तलिखिते जतन केलेली आहेत. ती आपणांपर्यंत पोहोचली, कारण ज्याच्या घरी पोथी, तो तिचा धनी होता. तिची नक्कल उतरण्यास अथवा ती शिष्यास देण्यास त्याला कोणाचा परवाना लागत नसे.

आज संगणकावर आपण जी पुस्तके विकत घेतो, त्यांची गोष्ट निराळी आहे. दाम पुस्तकाचे मोजावे आणि हाती केवळ वाचण्याचा परवाना यावा, हा बहुतेक मोठ्या दुकानांचा रिवाज. २००९ साली ॲमेझॉनने ऑरवेलची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परत काढून घेतली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान मिटले, तेव्हा वाचकांचे ग्रंथही त्याबरोबर गेले. दोन्ही वेळी पैसे परत मिळाले. पण दुकानदार मनात येताच रिकामे करू शकतो, त्या फडताळास आपले कसे म्हणावे?

यास उपाय आहे आणि तो फुकट मिळतो. कोविद गोयल यांनी २००६ साली आरंभिलेले ‘कॅलिबर’ हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर पुस्तके लेखकवार लावून ठेवते आणि एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात पालटून देते. त्याची संहिता कोणीही तपासावी, सुधारावी. जोडीस ‘कॅलिबर-वेब’ बसविले, की घरातील कोणासही आपल्या फोनवर तो संग्रह उघडता येतो.

“एवढा खटाटोप कशास? दुकानदार सांभाळतोच की!” असे म्हणणाऱ्यांस आम्ही गोव्याचे स्मरण देतो. सोळाव्या शतकात संकट आले, तेव्हा आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा अंत्रुजात नेली. देव नेता आले, कारण ते परक्याच्या कुलुपात नव्हते. त्या पूर्वजांच्या वंशजांस संगणकाचा खटाटोप जड वाटावा काय?

मात्र या फडताळात चोरीचे पुस्तक नको. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्या देशात त्याचा स्वामित्वहक्क सरतो. शणै गोंयबाब १९४६ साली व धर्मानंद कोसंबी १९४७ साली निवर्तले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ आज सर्वांस मोकळे आहेत. आरंभास एवढे धन थोडे नव्हे. संगणकही बिघडतो, म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी असावी, हेही विसरू नये.

महाराष्ट्र-गोव्याबाहेर, उज्जयिनीसारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबांस आपल्या भाषेचे पुस्तक हाताशी असणे किती अगत्याचे, हे सांगावयास नको. म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची विनंती आहे: उत्सवाच्या रोषणाईतून एका लहान संगणकाचे मोल बाजूस काढावे. मंदिर बांधणाऱ्यांच्या वारसांनी ग्रंथांसाठी भाड्याच्या खोलीत राहणे शोभत नाही.