सायकल मानव विकासची, रस्ता खाणीचा!

सकाळी साडेपाच-सहाला चंद्रपूरच्या पडोली चौकात उभे राहून पाहा. हँडलला डबा अडकवून ताडाळीच्या एमआयडीसीकडे निघालेले कंत्राटी कामगार सायकलने जाताना दिसतील. घुग्घुस, दुर्गापूर, बल्लारपूर, गडचांदूर, सगळीकडे हेच. तिकडे गडचिरोलीत आष्टी, आलापल्ली, एटापल्लीच्या वाटांवर शाळेच्या मुली, आशाताई, टपालाची थैली घेतलेला डाकसेवक, रोवण्याला निघालेल्या बाया. "आता सायकल चालवतो कोण, घरोघरी मोटारसायकल आली," असे जे साहेब बैठकीत म्हणतात, त्यांनी सकाळचा एक तास या रस्त्यांवर काढावा. घरात मोटारसायकल असली तरी ती एकच असते आणि ती कर्त्या पुरुषाकडे असते. बाई, पोरगी, म्हातारा माणूस आणि ज्याला पेट्रोल परवडत नाही तो, असे सगळे सायकलवरच असतात. हे पत्रक त्यांच्या वतीने आहे.

सायकलवाल्याच्या वाट्याला येतो तो रस्ता म्हणजे डांबराची डावीकडची हातभर कड. तीही आता राहिलेली नाही. दर वेळी नवा थर चढतो, डांबर उंच होते आणि बाजूची साइडपट्टी मुरूम न भरल्याने तशीच खाली राहते. दोन पावसाळ्यांत उरलासुरला मुरूम वाहून जातो. मग डांबराच्या काठाला वीतभर खाच पडते. मागून हायवा ट्रक हॉर्न देत येतो, समोरूनही एक येत असतो, आणि सायकलवाल्याला खाली उतरावेच लागते. पुढचे चाक खाचेत गेले की सायकल आडवी होते. माणूस डावीकडे पडला तर गिट्टीवर पडतो, उजवीकडे पडला तर चाकाखाली. पंचनाम्यात "तोल जाऊन पडला" असे लिहिले जाते. तोल गेला तो खाचेमुळे, आणि खाच पडली ती मुरूम भरला नाही म्हणून. एवढे स्पष्ट असताना नशिबाला दोष देणे आम्हाला मान्य नाही.

आता या रस्त्यांवर काय धावते ते बघा. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या खाणीला २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टन लोहखनिज काढण्याची परवानगी मिळाली. उत्पादन तिपटीहून जास्त वाढवायला परवानगी देताना, ते वाहून नेणाऱ्या गाड्या कोणाच्या अंगावरून जाणार हा प्रश्न त्याच दिवशी सुटायला हवा होता. आलापल्ली ते आष्टी हा रस्ता गावांना जोडण्यासाठी बांधला होता, खनिजासाठी नव्हे. त्यावर लाल धुळीचे ट्रक एकामागे एक लागले. पावसाळ्यात त्या धुळीचा चिखल होतो, रिमवर बसतो आणि ब्रेक लागत नाही. चंद्रपूरकडे रंग काळा, एवढाच फरक. वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या कोळशाच्या गाड्यांच्या मागे सायकल चालवणाऱ्याचा रुमाल दुपारपर्यंत काळा होतो. ताडपत्री बांधायचा नियम आहे, पण ती अर्धी फडफडत असते आणि ढेकळे रस्त्यावर पडत जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर त्याच धुळीतून दुपारच्या पाळीला जायचे असते.

खाण असावी की नसावी, हा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर या भागातल्या ग्रामसभा वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. या पत्रकाचा मुद्दा त्याहून लहान आहे आणि त्याला कोणाचाच विरोध असू नये. खाणीला अनुकूल असलेल्याचीही पोरगी सायकलनेच शाळेत जाते.

७ ऑगस्ट २०२५ ला पहाटे गडचिरोली–आरमोरी महामार्गावर काटली गावाजवळ रस्त्याच्या कडेला असलेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. चार मुले गेली. ती मुले पायी होती, रस्त्याच्या मधोमध नव्हती, कोणाच्या आड आली नव्हती. त्यानंतर रास्ता रोको झाला, मदत जाहीर झाली. पण कडेला उभे राहायला किंवा चालायला सुरक्षित जागा का नाही, हा मूळ प्रश्न काटलीपुरता नाही. तो दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक महामार्गावरच्या प्रत्येक गावाचा आहे.

आता मुलींचे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळा दूर असलेल्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. गडचिरोली जिल्हा या कार्यक्रमात पहिल्यापासून आहे. ही चांगली योजना आहे आणि आम्ही तिचे मनापासून कौतुक करतो. सायकल मिळाल्यामुळे सातवीनंतर घरी बसल्या असत्या अशा कितीतरी पोरी बारावीपर्यंत पोहोचल्या. पण सरकारचा एक विभाग मुलीच्या हातात सायकल देतो आणि दुसरा विभाग त्याच रस्त्यावर, शाळा भरण्याच्या त्याच साडेदहाच्या वेळेला, अवजड वाहनांची रांग सोडतो. मग बाप म्हणतो, "राहू दे शाळा, जीव महत्त्वाचा." बापाची चूक नाही. त्या घरात सायकल भिंतीला टेकून पडून राहते आणि शासनाच्या अहवालात मात्र ती "वाटप झाली" म्हणून मोजली जाते.

जंगलाचा धोका वेगळाच. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातून पाळी संपवून घराकडे निघालेल्या कामगाराचा वाघाने जीव घेतला आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात एक सोळा वर्षांचा मुलगा बिबट्याने नेला. हे खोल जंगलात घडलेले नाही. हजारो माणसे जिथे राबतात आणि राज्याची वीज जिथे तयार होते, त्या वसाहतीत घडले. वाघाशी आमचे वैर नाही, त्याच्याच रानात आम्ही राहतो. पण रात्री पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर दिवे असावेत आणि कडेची झुडपे कापलेली असावीत, ही वाघाविरुद्धची मागणी नव्हे. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वल, धान निसवले की रानडुक्कर, हे तर दरवर्षीचेच. डुक्कर आडवे आले तर मोटारगाडीचा बंपर फुटतो, सायकलवाल्याचा पाय मोडतो.

मग एवढे असून ही माणसे रोज जाऊन-येऊन जिवंत कशी राहतात? माणसांमुळे. हे आम्हाला ठासून सांगायचे आहे, कारण वर्तमानपत्रात अपघात छापून येतो, ही गोष्ट येत नाही.

जंगलाचा पट्टा सुरू होतो तिथल्या शेवटच्या घराजवळ बाया थांबतात. चार-पाच जमल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. ओळख असो-नसो, उशिरा आलेलीसाठी थांबतात. कामाची मजुरी कापली जाईल हे माहीत असूनही थांबतात. मोठमोठ्याने बोलत, घंटी वाजवत तो पट्टा पार करतात आणि पलीकडे गेल्यावर आपापल्या वाटेने जातात. रात्री एखादा मोटारसायकलवाला सायकलवाल्याला पाहून वेग कमी करतो आणि जंगल संपेपर्यंत मागून आपला दिवा दाखवत हळूहळू येतो. नाव सांगत नाही, विचारतही नाही. पंक्चरच्या टपरीवर हवेचा पंप बाहेर ठेवलेला असतो, ज्याला हवी त्याने भरावी. शाळेच्या पोरीची चेन उतरली तर दुकानदार हात काळे करून ती बसवून देतो आणि पैसे घेत नाही. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या घरासमोर रांजण भरलेला असतो, त्यावर झाकण आणि झाकणावर पेला. एसटीचा एखादा चालक अरुंद पुलावर मागे थांबतो आणि सायकल पार होऊ देतो, पाठीमागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

ट्रकवाल्यांबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. समोरून सायकल दिसली की डीपर देऊन दिवा खाली करणारे चालक आहेत. पडलेल्याला उचलून आपल्या केबिनमधून दवाखान्यात नेणारे आहेत. त्यांना किती फेऱ्या मारल्या यावर पैसे मिळत असतील, झोप पुरी होत नसेल, तर दोष फेऱ्या ठरवणाऱ्याचा आहे. चालकाला मारहाण करून, गाडी जाळून कोणाचेही पोर परत आलेले नाही.

पण बंधू-भगिनींनो, बाया एकमेकींसाठी थांबतात म्हणून वन विभागाने आणि बांधकाम विभागाने हात बांधून बसायचे का? लोकांच्या चांगुलपणावर प्रशासन आपली जबाबदारी ढकलत आहे. ज्या दिवशी शेवटच्या घराजवळ चौघी जमणार नाहीत, त्या दिवशी एकटीला जावे लागेल, आणि त्या दिवसाची जबाबदारी कोणाची, हे आज ठरले पाहिजे.

आमच्या मागण्या फार नाहीत. गावालगत आणि शाळेच्या वाटेवर दोन्ही बाजूंना डांबराच्या पातळीत पक्की साइडपट्टी करा आणि दर पावसाळ्यानंतर ती भरा. शाळा भरताना-सुटताना आणि कारखान्यांच्या पाळ्या बदलताना खनिज व कोळशाची अवजड वाहतूक थांबवा. पाळीच्या रस्त्यांवर दिवे लावा. ताडपत्री न बांधलेली गाडी खाणीच्या फाटकातूनच बाहेर सोडू नका.

"निधी नाही" हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणपट्टेधारकांना स्वामित्वधनासोबत ठरावीक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावा लागतो. तो पैसा खाणीची झळ सोसणाऱ्या लोकांसाठी आहे आणि त्यातून रस्ते व पूलही करता येतात. सायकलवाल्याइतकी झळ कोण सोसतो? "वनजमिनीची अडचण आहे" हे दुसरे उत्तर. सूरजागडला ३४८ हेक्टरचा खाणपट्टा याच रानात मिळाला. नवेगाव मोर ते सूरजागड असा खनिजासाठीचा चौपदरी मार्गही सरकारने २०२५ मध्ये मंजूर केला. तो झाला तर गावरस्त्यांवरचा भार कमी होईल, आम्ही त्याचे स्वागतच करू. पण तो होईपर्यंत किती पावसाळे जातील? आणि खनिजाला चार पदरी रस्ता मिळतो, तर शाळेच्या पोरीला एक मीटर का मिळत नाही?

कायदाही आपल्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल सुरक्षेच्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदार एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतात. कलम १३४-अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. म्हणून पडलेल्याला उचलायला घाबरू नका. अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. दवाखान्यात गेल्यावर ती मागा. पळून गेलेल्या वाहनाने मारले तर वारसांना दोन लाख रुपये मिळतात, त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करा.

याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये देशभरातल्या तरुणांना सायकलींवर बसवून कन्याकुमारीहून काश्मीरकडे नेले. सायकलने देश जोडता येतो हे या जिल्ह्याने दाखवून दिले आहे. आज त्याच जिल्ह्यात पोरीला सायकलने शाळेपर्यंत पोहोचता येईल की नाही याची खात्री नाही, ही आपल्या सर्वांना लाज वाटावी अशी स्थिती आहे.

येत्या ग्रामसभेत साइडपट्टीचा आणि वाहतुकीच्या वेळांचा ठराव मांडा. खाच कुठे, अंधार कुठे, वळण कुठे, हे गावाच्या नावासह ठरावात लिहा. प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या आणि पोच घ्या. ठरावाला बायांनी आणि शाळेच्या मुलींनी हजर राहावे, कारण रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. शहरातल्या वकील, शिक्षक, पत्रकार मित्रांनी अर्ज लिहून द्यायला मदत करावी. वाचून झाल्यावर हे पत्रक खिशात ठेवू नका, पंक्चरच्या टपरीवर चिकटवा.

— सायकलने जाणारे-येणारे नागरिक,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे