सरकारी हॉस्पिटलचं टेंडर भरताय? आधी थांबायची ताकद मोजा



सध्या क्लासला येणाऱ्या दहातले चार जण एकच प्रश्न घेऊन येतात. "दादा, सरकारी हॉस्पिटलला माल द्यायचाय, जेमवर नोंदणी कशी करायची?" नोंदणी अवघड नाहीच. कागदपत्रं हाताशी असतील तर एका दुपारचं काम आहे. महाटेंडर्ससाठी डिजिटल सिग्नेचर लागते, तीही मिळते. मेडिकल डिव्हाइस विकायचं असेल तर एफडीएकडून एमडी-42 नोंदणी घ्या, औषधं असतील तर होलसेलचं 20बी-21बी लायसन्स. हे सगळं पैसे भरून होतं.

माझं म्हणणं वेगळं आहे. सरकारी हॉस्पिटलला तुम्ही ग्लोव्हज, गॉझ, सिरिंज विकता असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्ही उधारी विकता. ज्याच्याकडे जास्त दिवस थांबायची ताकद, तो या धंद्यात टिकतो. भाव नंतर.

माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. एका ग्रामीण रुग्णालयाला दिलेल्या साध्या गॉझ-बँडेजच्या बिलाचे पैसे मला सात महिन्यांनी मिळाले. कुणी लाच मागितली नाही, कुणी वाईट वागलं नाही. अनुदानच आलं नव्हतं. सरकारी वर्ष मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बिलांचा पाऊस पडतो आणि एप्रिलनंतर दिलेला माल वाट बघत बसतो.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "पण एमएसएमई कायदा आहे ना, 45 दिवसांचा!" आहे. 2006 च्या कायद्यात 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं स्पष्ट लिहिलंय. पण हे कवच कुणाला? स्वतः माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. जुलै 2021 पासून दुकानदारांनाही उद्यम नोंदणी मिळायला लागली, पण फायदा फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता. भिवंडीहून माल आणून हॉस्पिटलला देणारा तुमच्या-माझ्यासारखा व्यापारी 45 दिवसांत बसत नाही. बयाण्याची माफी आणि केंद्राच्या खरेदीतला छोट्या उद्योगांचा 25 टक्के वाटा, या दोन्हीचंही तेच. उद्यमचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेले खूप जण मी बघतो. त्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नसतं.

आयकराच्या 43बी(एच) चा मध्ये बराच गाजावाजा झाला. खासगी हॉस्पिटलला तो टोचतो, कारण वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. सरकारी हॉस्पिटल आयकर भरतच नाही, त्याला काय टोचणार?

आता स्टाफ पुरवण्याचा विषय. नर्स, वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन, सफाई कामगार कंत्राटावर द्यायचे. "माल घ्यायचा नाही, गोडाऊन नको, नुसतं कमिशन" म्हणून हा धंदा नवख्यांना फार गोड वाटतो. मला तो जास्त धोक्याचा वाटतो. जरा हिशोब करू.

समजा 20 जण, प्रत्येकी 20,000 पगार. महिन्याला चार लाख. पीएफ 15,000 च्या मर्यादेवर धरला तर मालकाचा हिस्सा चार्जेससकट माणशी 1,950, आणि ईएसआय 650. म्हणजे आणखी 52,000. एकूण 4,52,000. तुमचं सेवाशुल्क पाच टक्के धरलं तर 22,600 रुपये. आता बिल चार महिने अडकलं. तुमचे 18 लाख बाहेर. बाजारातून दीड टक्का महिन्याने उचलले असतील तर त्या महिन्याचं व्याजच 27,000. कमाईपेक्षा व्याज जास्त! तुमच्या सेवेला जीएसटी लागतो की सूट आहे, हे बोली लावण्याआधी सीएकडून लेखी घ्या. लागत असेल तर तो बिलावर भरायचाय, पैसे हातात आले नाहीत तरी. वर एल-वन व्हायच्या नादात लोक पाच टक्क्यांचे दोन करतात.

गॉझचं बिल थांबलं तर माझं दुकान जरा कुंथतं. इथे पगार थांबतो. रात्रपाळी करून सकाळी घरी जाणारी ती ताई तुमच्या नावाने नोकरीला आहे, हॉस्पिटलच्या नाही. तिचा पगार सात तारखेच्या आत द्यायला तुम्ही बांधील आहात. "वरून पैसे आले नाहीत" हे तिच्या घरमालकाला चालत नाही, आणि कायद्यालाही. सेवा देणारे म्हणून तुम्हाला एमएसएमईचं कवच असतं, सुविधा परिषदेकडे जाता येतं. पण ज्याच्या सहीने पुढच्या वर्षी कंत्राट वाढणार, त्याच्याविरुद्ध कितीजण जातात?

मग करायचंच नाही का? करा, पण खालून सुरुवात करा. मोठे दर करार व्यापाऱ्यासाठी नसतात, तिथे उत्पादक आणि उलाढालीच्या अटी असतात. तमिळनाडूने 1994 मध्ये यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. आपल्याकडे 2017 मध्ये ही खरेदी हाफकिनकडे गेली आणि 2023 मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण आलं. व्यवस्था कुठलीही असो, वरून माल यायला उशीर झाला की हॉस्पिटल आपल्या अधिकारात, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून वगैरे, थोडी स्थानिक खरेदी करतं. कोटेशन मागवतं. तुमची जागा तिथे. आज सांगितलं, उद्या पोचवलं, हे नागपूर-मुंबईच्या मोठ्या सप्लायरला जमत नाही.

आणि कोटेशन देण्याआधी एकदा लेखा विभागात जा. साहेबांकडे नको, बिलं काढणाऱ्या क्लार्ककडे. चहा घेत विचारा, "सध्या कुठल्या महिन्याची बिलं निघतायत?" ऑगस्टमध्ये तो म्हणाला जूनची, तर माल द्या. म्हणाला गेल्या डिसेंबरची, तर आठ महिन्यांचं व्याज भावात धरा. त्या भावात ऑर्डर मिळत नसेल तर ती दुसऱ्याला जाऊ द्या. माल दिलाच तर चलनावर भांडार विभागाचा शिक्का, तारीख आणि साठा नोंदवहीचं पान घेतल्याशिवाय तिथून हलू नका. बिलाच्या कॉपीवर आवक क्रमांकही त्याच दिवशी.