घरची खरेदी : कॅमेरा रुपेरी घ्यावा की काळा?



कांद्याची पट्टी हातात पडली की घरातल्या दहा गरजा एकदम तोंड वर काढतात. अशाच एका घरातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावीनंतर दोन वर्षे तालुक्याच्या फोटो स्टुडिओत हाताखाली काम शिकली. आता साखरपुडा, लग्न, बारसे अशी कामे स्वतः घ्यायची, असे तिने ठरवले आहे. घरच्यांनी कॅमेऱ्यापुरते पैसे बाजूला काढले. दुकानात एकाच जातीचे दोन कॅमेरे आहेत. काळा आहे तो नवा कोरा. रुपेरी आहे तो वर्षभर वापरलेला, पण बराच स्वस्त. मुलीचे मन रुपेरीवर बसले आहे. वडील म्हणतात, काळाच घे. तो मळत नाही, कामाचा दिसतो आणि त्याला नजरही लागत नाही. बाई विचारतात, "रंगाने खरेच काही फरक पडतो का? पैसे एकदाच आहेत, चुकायला नको."

ताई, आधी मुख्य गोष्ट सांगतो. बाहेरच्या रंगाने फोटो चांगला किंवा वाईट निघत नाही. कॅमेरा बाहेरून रुपेरी असो वा काळा, आतून तो काळाच असतो. भिंगातून आलेला उजेड नेमक्या जागी पडावा, आतल्या भिंतींवर आपटून इकडेतिकडे पसरू नये, म्हणून आतला भाग काळा करतात. फोटो तिथे तयार होतो, आणि तिथे दोन्ही कॅमेरे सारखेच.

मग दोन रंग आले कुठून? जर्मनीच्या लायका कंपनीने १९२५ साली आपला लहान कॅमेरा बाजारात आणला, तो काळ्या रंगाचा होता. पितळी पत्र्यावर काळा रंग चढवलेला. हाताळून हाताळून कडांचा रंग उडे आणि खालचे पितळ पिवळे डोकावू लागे. १९३३ च्या सुमारास क्रोमचा मुलामा दिलेला रुपेरी लायका आला. तो मुलामा टिकाऊ, लवकर न झिजणारा. म्हणून पुढे अनेक वर्षे रुपेरी हाच नेहमीचा रंग झाला. काळे कॅमेरे थोडे निघत, ते मुख्यतः वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार मागत आणि त्यांना चार पैसे जास्त पडत. १९५९ चा जपानी निकॉन एफ दोन्ही रंगांत मिळे. म्हणजे "काळा तो कामाचा" ही वडिलांची समजूत उगाच आलेली नाही, तिला जुना आधार आहे. पण टिकाऊपणात त्या काळी रुपेरीच सरस होता, हेही ध्यानात ठेवा.

त्या छायाचित्रकारांना काळा का हवा असे? चकाकी नको म्हणून. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार १९४८ साली आपल्या देशात होता. ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली, त्याच्या थोडाच वेळ आधी तो त्यांना भेटला होता. लोकांचे लक्ष कॅमेऱ्याकडे जाऊ नये म्हणून तो आपल्या लायकाच्या चकचकीत भागांवर काळी टेप चिकटवत असे. कॅमेरा दिसला की माणसे अवघडतात, हसू ओढून आणतात, हे लग्नघरात तुम्हीही पाहता.

आता रंगाचा खरा फरक कुठे पडतो, ते चंद्रावर गेलेल्या कॅमेऱ्यावरून नीट समजते. १९६२ साली अमेरिकेचा अंतराळवीर वॉली शिरा याने दुकानातून विकत घेतलेला हॅसलब्लाड कॅमेरा आपल्या यानात नेला. नेण्यापूर्वी तो काळा रंगवून घेतला, कारण चकाकी उठली असती तर यानाच्या काचेत कॅमेऱ्याचेच प्रतिबिंब दिसले असते. पुढे १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा चंद्राच्या जमिनीवर वापरलेला हॅसलब्लाड रुपेरी होता. तिथे उन्हात भाजणारी उष्णता आणि सावलीत कडाक्याची थंडी. रुपेरी अंग ऊन परतवते, म्हणून तो रंग. कंपनी एकच, पण काचेपाशी काळा आणि उन्हात रुपेरी. कामाप्रमाणे रंग निवडला, मनाप्रमाणे नाही.

हे तुमच्या घरात वेगळे नाही. काळ्या रानात मे महिन्याच्या दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही. पत्र्याला चुना मारला की खालचे घर निवते. तसेच काळा कॅमेरा भर उन्हात ठेवला तर रुपेरीपेक्षा लवकर तापतो. आजचे कॅमेरे म्हणजे आत छोटा संगणकच. लांबलचक चित्रीकरण केले की ते आपल्या आपण तापतात आणि काही तर मध्येच बंद पडतात. दुपारच्या मुहूर्ताची लग्ने उघड्या मांडवात करणाऱ्या मुलीला ही गोष्ट ठाऊक हवी. पण उपायही सोपा आहे. काम नसेल तेव्हा कॅमेरा सावलीत ठेवायचा आणि त्यावर पांढरा पंचा टाकायचा. गाडीच्या काचेमागे उन्हात मात्र कोणत्याच रंगाचा कॅमेरा ठेवू नये.

काचेचे कामही गावात पुष्कळ निघते. भिंतीवर आजोबांचा चौकटीतला फोटो असतो, त्याची प्रत काढून द्या, असे लोक सांगतात. तिथे रुपेरी कॅमेऱ्याची चकाकी काचेत उमटते. त्यावरही तोड आहे. काळ्या कापडाला मधोमध भिंगाएवढे भोक पाडावे, त्यातून भिंग बाहेर काढावे आणि कापडाआड उभे राहून फोटो घ्यावा. उजेड बाजूने येऊ द्यावा.

मळण्याबद्दल वडिलांचे म्हणणे मात्र उलटे आहे. आपल्याकडची धूळ आणि घामाचे डाग काळ्यावर लगेच उठून दिसतात. काळ्याचा रंग कुठे उडाला तरी खालचा धातू पांढरट चमकतो. रुपेरीवर तोच ओरखडा सहसा दिसत नाही. नजरेची भीती असेल तर पट्ट्याला काळा दोरा बांधावा. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आणखी एक. रुपेरी म्हणजे भक्कम धातू, असेही समजू नका. १९७६ साली आलेला कॅननचा एई-१ हा कॅमेरा फार खपला. त्याचे वरचे झाकण प्लॅस्टिकचे होते आणि त्यावर धातूचा मुलामा होता. आजच्या रुपेरी कॅमेऱ्यांतही बहुधा खाली हलका मिश्रधातू किंवा प्लॅस्टिक आणि वर रुपेरी रंगाचा थर असतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार. जुन्या काळ्या कॅमेऱ्यांचे शौकीन भारी किंमत देतात, म्हणून रुपेरी कॅमेरे काळे रंगवून विकणारेही निघाले. तो शौकिनांचा बाजार आहे. पोटासाठी कॅमेरा घेणाऱ्याने त्या बाजारात शिरू नये.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. मोठा काळा कॅमेरा पाहिला की यजमानाला विश्वास वाटतो, हे खरे आहे. लग्नाच्या कामाचे बहुतेक मोठे कॅमेरे आजही काळेच येतात. त्यातून मुलगी कॅमेरा घेऊन उभी राहिली की चार लोक आधी तिलाच तपासतात. पण होमाई व्यारावाला यांचे नाव आठवा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून त्यांनी दिल्लीत पुरुषांच्या गर्दीत उभे राहून काम केले आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. यजमान कॅमेरा एक दिवस पाहतो, अल्बम मात्र जन्मभर पाहतो. पुढचे काम अल्बम मिळवून देतो.

म्हणून ताई, बैल घेताना तुमच्या घरी जे करतात तेच इथे करा. रंग डोळ्याला दिसतो, पण आपण आधी दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. वापरलेल्या रुपेरी कॅमेऱ्याची अशी पारख करा.

भिंग उजेडासमोर धरून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ते भिंग घेऊ नये. मग भिंगाचे तोंड शक्य तितके लहान करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. ती साफ होते, पण तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. प्रत्येक कळ दाबावी, प्रत्येक चकती फिरवावी. अर्धा तास सलग चित्रीकरण करून पाहावे. आत दोन कार्डे बसत असतील तर उत्तम, कारण एक बिघडले तरी लग्न पुन्हा लागत नाही. मूळ बिल पाहावे आणि त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा. दुकानदार लेखी हमी किती दिवसांची देतो, तेही विचारावे.

या पारखेत रुपेरी उतरला, तर माझे मत स्पष्ट आहे : रुपेरीच घ्या. वाचलेल्या पैशांत १.८ आकडा लिहिलेले मोठ्या तोंडाचे एक भिंग, दुसरी बॅटरी आणि दोन चांगली कार्डे घ्या. संध्याकाळच्या मांडवात, देवघराच्या मंद उजेडात ते भिंग जे काम करील ते नवा काळा रंग करणार नाही. पारखेत तो उतरला नाही, तर मुलीला रंग कितीही आवडो, मोह सोडा आणि नवा काळा घ्या. आणि कुठे दोन्ही नवे, एकाच किमतीला मिळाले, तर जिच्या हातात तो रोज राहणार आहे तिला निवडू द्या. आवडीचे अवजार माणूस जपून वापरतो.

घरी आणल्यावर पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची पिठी आत शिरते. आणि काम नसले तरी आठवड्यातून एकदा बाहेर काढून घरच्याच माणसांचे दोन फोटो काढा.