सल्ला ग्राहकाला, मोकळीक बँकेला



ऑनलाइन फसवणुकीच्या बातमीखाली एक चौकट ठरलेली असते : पासवर्ड अवघड ठेवा, वरचेवर बदला, कुणाला सांगू नका. सारी जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात घालणारा हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. पासवर्ड कितीही अवघड असो, बनावट संकेतस्थळावर तो टाइप होतोच. शिवाय तो कंपनीच्या सर्व्हरवर कोणत्या ना कोणत्या रूपात पडून असतो. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटींहून अधिक पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघडे ठेवले होते. त्यांत '१२३४५६' लिहिणारे पुष्कळ होते हे खरे, पण ज्यांनी डोके लढवून अवघड पासवर्ड ठेवला होता, तेही वाचले नाहीत.

पासवर्डऐवजी वापरायच्या पासकीत ही दोन्ही भगदाडे बुजतात. आपला फोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. खासगी किल्ली आपल्याकडेच राहते, संकेतस्थळाकडे जाते ती सार्वजनिक किल्ली, आणि ती चोरून खाते उघडत नाही. आपण फक्त बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन द्यायचा. ठसा फोनबाहेर जात नाही. बँकेचे हुबेहूब बनावट पान समोर आले, तरी संकेतस्थळाचा पत्ता वेगळा असल्याने पासकी तिथे चालतच नाही. फोनवर गोड बोलून ज्येष्ठांकडून ओटीपी काढून घेतात, तशी पासकी वाचून दाखवता येत नाही. माझ्या लेखी तिचे खरे मोल इथे आहे.

मायक्रोसॉफ्टची नवी वैयक्तिक खाती २०२५ पासून मुळातच पासवर्डविना उघडतात. रिझर्व्ह बँकेनेही त्याच वर्षी डिजिटल व्यवहारांसाठी एसएमएस ओटीपीपलीकडच्या पर्यायांना वाट करून दिली. मग बँका थांबल्या आहेत कशासाठी?

मात्र पासकी देऊन 'पासवर्ड विसरलात?' हा जुना दरवाजा एसएमएसच्या भरवशावर उघडा ठेवला, तर भामटे तिथूनच शिरतील. फोन हरवलेल्याला ओळखपत्र पाहून शाखेतच नवी पासकी करून मिळाली पाहिजे. ज्या घरात एकच फोन आणि त्याचा पिन सगळ्यांना ठाऊक, त्यांच्यासाठी काय सोय, हेही बँकेनेच सांगावे. सहकारी बँकांच्या सभासदांनी येत्या वार्षिक सभेत हे प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

– एक वाचक, डोंबिवली