पाव, पण कशाचा?

दिवाळीच्या सुटीत चौथीत शिकणारा माझा नातू मंचरच्या दुकानात गल्ल्याशेजारी येऊन बसतो. यंदा एका गिऱ्हाइकाने अर्धा किलो शेंगदाणे आणि पाव किलो गूळ घेतला. दोन्ही मिळून वजन किती, असे मी सहज विचारले. ‘पाऊण किलो’, त्याने वर न पाहता उत्तर दिले. त्याच रात्री त्याच्या वहीत १/२ + १/४ = २/६ असे लिहिलेले आढळले. वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. दुपारच्या पुड्यांची आठवण दिली, तेव्हा तो म्हणाला, ‘आजोबा, ते दुकानातलं, हे गणित आहे.’

हे वाक्य मला लागले. व्यापारी घरातील या मुलाला हिशेब जमत नव्हता असे नाही. त्याचा हिशेब आणि त्याचे गणित यांची एकमेकांशी ओळखच झालेली नव्हती. अलीकडे तो ‘मला गणित येत नाही’ असे म्हणू लागला होता आणि घरात शिकवणी लावण्याची बोलणी सुरू झाली होती.

प्रथम मी माझ्या पिढीचा उपाय केला. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही आमची संध्याकाळची उजळणी असे. पावकी त्याने आठ दिवसांत गोड आवाजात पाठ केली. वहीतली उत्तरे मात्र जशीच्या तशी राहिली. दोष पावकीचा नव्हता. आम्ही ती म्हणत असू तेव्हा समोर तागडी असे आणि दोन पावशेरांनी अर्धा शेर तोलला जातो हे डोळ्यांना दिसत असे. आजचा इलेक्ट्रॉनिक काटा केवळ २५० हा आकडा दाखवतो. ‘पाव’ हे त्या आकड्याचे नाव होऊन बसले; तो कशाचा तरी चौथा भाग आहे, ही जाणीवच त्यातून निघून गेली.

मग माळ्यावरची मापे खाली काढली. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली आणि ही पितळी भावंडे अडगळीत गेली. २ निळवी म्हणजे १ कोळवे, २ कोळवी म्हणजे १ चिपटे, २ चिपटी म्हणजे १ मापटे, २ मापटी म्हणजे १ शेर आणि ४ शेर म्हणजे १ पायली. परातीत बाजरी ओतली आणि त्याला म्हटले, शीग न ठेवता काठाबरोबर भरायचे. चिपटे एकच होते, म्हणून त्याने ते दोनदा भरून मापट्यात रिकामे केले. मापटे काठापर्यंत भरेना. चिपटे एका बाजूने चेपले आहे, असे सांगून मी पुढे गेलो.

एक मापटे आणि एक चिपटे बाजरी त्याने वेगवेगळी ठेवली. मी विचारले, ‘एकूण किती?’ तो म्हणाला, ‘दोन.’ ‘दोन काय?’ यावर तो गप्प झाला. ती दोन मापटी नव्हती, दोन चिपटीही नव्हती. बराच वेळ पाहून त्याने मापटे उचलले आणि त्यातली बाजरी चिपट्याने मोजून काढली. दोन चिपटी ही आणि एक ते, अशी तीन. चार चिपट्यांचा शेर, म्हणजे पाऊण शेर. छेद हे मापाचे नाव आहे आणि ते माप किती वेळा भरले ते अंश सांगतो, हे मी त्याला तेव्हा सांगितले. आधी सांगून उपयोग झाला नसता. मापांच्या नावांची बेरीज कोणी करत नाही. २/६ त्याने स्वतः खोडले.

दुसऱ्या दिवशी मी विचारले, ‘पाव मोठा की अर्धा?’ तो हसला, ‘अर्धा!’ मी पाव पायली आणि अर्धा शेर त्याच्यापुढे मांडले. पाव पायली म्हणजे भरलेला शेर, अर्धा शेर म्हणजे एक मापटे. त्या दिवसापासून अपूर्णांक ऐकला की त्याचा पहिला प्रश्न ‘कशाचा?’ हा असतो. या एका प्रश्नासाठी मी महिनाभर बाजरी सांडू दिली असती. (सुनेचे मत वेगळे आहे.)

या मापांची एक उणीव मात्र आहे. ती सारी निमपटीची आहेत. तिसरा भाग त्यांत नाही. चार हा तीनपेक्षा मोठा, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा, असे बहुतेक मुलांप्रमाणे त्यालाही वाटे. येथे भाकरी कामाला आली: एक भाकरी तिघांत वाटली आणि दुसरी चौघांत, तर कोणत्या पंगतीला बसशील? मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी समान वाटणी आणि मोजमाप या दोन्ही वाटांनी अपूर्णांक शिकवण्याचा विचार केला आहे. आमच्या घरी भाकरी आणि चिपटे यांनी तेच केले. पण गोल भाकरीचे तीन सारखे भाग करणे मोठ्यांनाही कठीण जाते. पुढच्या कामाला कागदाची पट्टी बरी.

जुन्या चोपडीच्या कोऱ्या पानाची १८ सेंटिमीटर लांब पट्टी कापली आणि त्याला महावीराचार्यांचा एक खेळ दाखवला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, या जैन गणितज्ञांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात अपूर्णांकांना ‘कलासवर्ण’ हे स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. अंश सर्वत्र १ ठेवून पूर्ण १ कसा मिळवावा, याची रीतही तेथे आहे. तिच्यानुसार चार तुकडे घेतले तर ते १/२, १/३, १/९ आणि १/१८ असे येतात. नातवाने पट्टीचे ९, ६, २ आणि १ सेंटिमीटरचे तुकडे कापले, पुन्हा जोडून पाहिले आणि अठरा भरल्यावर पाच तुकड्यांची रीत विचारली.

आपली मुले आता ‘वन बाय फोर’ म्हणतात. त्याला माझा आक्षेप नाही; पण आपल्या शब्दांतच आकृती दडलेली आहे, ती हरवू नये. पाऊण म्हणजे पाद उणा, सव्वा म्हणजे पादासह. अडीचचे मूळ ‘अर्धतृतीय’, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. जंबूद्वीप, धातकीखंड आणि पुष्करवराचा अर्धा भाग मिळून अढाई द्वीप होतात, हे पाठशाळेत शिकलेल्या मुलाला अडीच वेगळे शिकवावे लागत नाही. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपान राजाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपल्या ठेवी कोरून ठेवल्या: विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. तेथे ‘पायून’ असाच शब्द आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हा व्यवहार आपल्या कोणत्याही पेढीवर आजही समजेल.

सुटी संपताना नातवाने चेपलेले चिपटे पुन्हा काढले. दोन चिपटी ओतूनही मापटे किती रिकामे राहते, ते त्याने निळव्याने मोजले. सुमारे अर्धे निळवे भरले. शेराचा सोळावा भाग निळवे, त्याचा अर्धा बत्तिसावा. ही तूट दोन चिपट्यांची, म्हणून एका चिपट्यामागे शेराचा चौसष्टावा. त्याने पट्ट्या मांडल्या, खोडले, पुन्हा लिहिले. ‘आजोबा, चिपट्याचा सोळावा भाग कमी जात होता. म्हणजे रुपयात एक आणा. हे माप दुकानात वापरत होते तेव्हाच चेपलेले होते का?’

अचौर्याच्या अतिचारांत कमीजास्त मापांचा दोष स्पष्ट सांगितलेला आहे आणि तो मी त्याला तोंडपाठ करून घेतलेला आहे. चिपटे कधी चेपले, ते मला आठवत नाही. मी तसेच सांगितले. त्याने वहीत १/१६ लिहिले आणि पुढे कंसात ‘चिपट्याचा’ असे लिहिले.