खेळ की कमाई?

ब्लॉकचेन खेळात जिंकलेली वस्तू खेळाडूच्या मालकीची होते आणि बाजारात विकता येते. अशा खेळांची अडचणही या सोयीतूनच सुरू होते. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीच्या ‘ॲक्सी इन्फिनिटी’त शिरायला आधी ‘ॲक्सी’ नावाचे तीन आभासी प्राणी विकत घ्यावे लागत, त्यांच्या लढाया जिंकल्या की एसएलपी नावाचे टोकन मिळत. २०२१ साली, कोरोनाकाळात, फिलिपिन्समध्ये अनेकांनी त्यावर घरखर्च भागवला. पण टोकन रोज नवे निघत होते आणि खेळातच ते खर्च करणारे थोडे होते. जुन्यांची कमाई नव्यांच्या प्रवेशाच्या पैशातून होत होती. नव्यांचा ओघ आटला तसा भाव कोसळला आणि कमाईसाठी आलेले निघून गेले. नुसत्या मौजेसाठी थांबावे इतका तो खेळ रंगतदार नव्हताच.

भावांवर पैसे लावण्याचा खेळ महाराष्ट्राला अनोळखी नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होतानाच्या भावांवर मुंबईत आकडा लागे. १९६०च्या दशकात त्याचा मटका झाला.

ब्लॉकचेन खेळ टिकायचा तर टोकन मिळवण्याइतक्याच ते खर्च करण्याच्या जागाही हव्यात, आणि बक्षीस काढून घेतले तरी डाव खेळावासा वाटला पाहिजे. शिवाय भारतात टोकनसारख्या आभासी मालमत्तेच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, तोटा मात्र वजा होत नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेला कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालतो.